ठरलेल्या वेळी

"आता आमच्या हाती काही उरलेले नाही. रोग्याला घरी न्यावे." हे शब्द ज्यांना रुग्णालयात ऐकावे लागतात, त्यांच्या घरी पुढचे दिवस फार कठीण येतात. रुग्णालयातील खाट सुटते, वेदना मात्र रोग्याबरोबर घरी येते. रात्री सारे घर निजलेले असता तो एकटा जागा असतो. सतत पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, तोंड कोरडे पडते, घास गळ्याखाली उतरत नाही. पत्नी, मुले, म्हातारी आई, सारी उशाशी बसतात. पण जखम कशी धुवावी, कूस किती वेळाने बदलावी, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. त्या घरात मायेची वाण नसते. वाण असते ती जाणत्या हातांची.

रोग बरा करता येणार नाही, ही एक गोष्ट. आणि रोग्यासाठी काहीच करता येणार नाही, ही दुसरी. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्यांनी जगाला पटवून दिले त्यांत सिसिली साँडर्स यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे ते काम त्यांना सोडावे लागले. मग रोग्यांच्या घरच्या अडचणी समजून घेऊन त्या दूर करण्याचे काम त्यांनी रुग्णालयातच पत्करले.

तेथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा रोगी भेटला. तो पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित होता. लंडनमधील एका उपाहारगृहात तो वाढप्याचे काम करी. त्याला कर्करोग झाला होता आणि त्या परक्या शहरात त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्यापाशी जाऊन बसत. ज्यांचे दिवस थोडे उरले आहेत, त्यांना शांतपणे राहता येईल असे एखादे घर असावे, याविषयी दोघांचे बोलणे होई. १९४८ साली टास्माचा मृत्यू झाला. जाताना तो साँडर्स यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवून गेला. तुम्ही बांधाल त्या घराची एक खिडकी माझी असेल, अशा अर्थाचे त्याचे बोल होते. घराचा अद्याप पाया नाही, जागा नाही, आराखडाही नाही. आणि खिडकी मात्र आधीच मिळाली!

त्याच सुमारास साँडर्स लंडनमधील सेंट ल्यूक या संस्थेत संध्याकाळच्या वेळी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. मृत्युपंथास लागलेल्या गरीब रोग्यांची तेथे सेवा होई. तेथील परिचारिकांची एक रीत त्यांच्या ध्यानात आली. इतर रुग्णालयांत वेदना असह्य होऊन रोगी विव्हळू लागला म्हणजे मग मॉर्फिन हे वेदनाशामक औषध देत. औषधाचा अंमल उतरला की वेदना पुन्हा उसळे आणि रोग्याला पुन्हा याचना करावी लागे. सेंट ल्यूकमधील परिचारिका तसे करीत नसत. त्या घड्याळाकडे पाहून, ठरलेल्या वेळी, वेदना परत येण्यापूर्वीच औषध देत. रोगी त्यामुळे गुंगीत पडून राहत नसे. तो बोले, हसे, आपल्या माणसांना ओळखे. गोष्ट किती साधी! पण तिच्यामुळे रोग्याच्या मनातील पुढच्या घटकेची धास्तीच नाहीशी होई.

ही रीत साऱ्या डॉक्टरांच्या गळी उतरवायची, तर आपण स्वतः डॉक्टर झाले पाहिजे, असे साँडर्स यांना वाटू लागले. एका वडीलधाऱ्या शल्यचिकित्सकानेही तोच सल्ला दिला. १९५७ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्या डॉक्टर झाल्या. पुढे दहा वर्षांनी, १९६७ साली, दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्या वेदनांचे शमन करणारे सेवागृह. टास्माच्या खिडकीभोवती घर उभे राहण्यास एकोणीस वर्षे लागली. आजही तेथे प्रवेशद्वाराशी त्याच्या स्मरणार्थ काच बसवलेली आहे.

घर बांधणे कठीण खरे; परंतु बांधलेले घर चालवणे त्याहून कठीण. इमारतीसाठी मोठी देणगी देणारा दाता मिळतो, कारण भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागते. जखमेवर बांधायच्या पट्टीवर कोणाचेही नाव लिहीत नाहीत! परिचारिकेचा पगार, औषधे, कापूस, चादरी, गाडीचे इंधन हा खर्च दर महिन्याला नव्याने उभा राहतो. गेल्या वर्षी मिळालेल्या मोठ्या देणगीने या महिन्याचा पगार होईलच असे नाही. म्हणूनच ब्रिटनमधील बहुतेक सेवागृहे आजदेखील आपल्या खर्चाच्या मोठ्या भागासाठी सामान्य लोकांच्या दानावर विसंबून असतात.

भारतात असे पहिले सेवागृह १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाले. डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी स्थापन केलेले हे शांती आवेदना सदन होय. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होते. संस्थेने पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही सदने काढली.

परंतु आपला देश खेड्यांचा. खाटेवरून उठू न शकणाऱ्याने शहरातील सदनापर्यंत जायचे कसे? केरळातील कोळिकोड, म्हणजे पूर्वीचे कालिकत, येथील डॉक्टरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे काम सुरू केले. औषध मिळवणेही त्या काळी सोपे नव्हते. मॉर्फिन अफूपासून करतात. अफूची लागवड आपल्याच देशात होते. तरी १९८५ च्या कायद्याच्या कडक अटींमुळे येथील रोगी त्या औषधावाचून तळमळत. हा कायदा २०१४ साली दुरुस्त झाला.

कोळिकोडला दुरून रोगी येत. काही थोडे दिवस येत, मग येईनासे होत. ते बरे झाले नव्हते. त्यांच्यात प्रवासाचे त्राण उरले नव्हते. तेव्हा रोग्याने येण्याऐवजी परिचारिकेनेच त्याच्या घरी जावे, असे ठरले. शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावी लोकांनी आपापली मंडळे स्थापली. आठवड्यातून दोन तास देणारे स्वयंसेवक पुढे आले. त्यांना शिक्षण देण्यात आले. पण परिचारिकेला पगार हवा, गाडी हवी, औषधे हवीत. त्यासाठी कोणा धनिकाची वाट पाहत बसणे या मंडळांना परवडणारे नव्हते. दुकानादुकानांतून पेट्या ठेवल्या गेल्या. हमाल, मजूर, दुकानदार, शाळेतील विद्यार्थी यांनी थोडी थोडी रक्कम नेमाने देण्यास सुरुवात केली.

अशा थोड्या रकमेने काय होते, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहावा. एखाद्या गावात ३०० घरे आहेत आणि प्रत्येक घराने महिन्याला २० रुपये बाजूला काढले, तर महिन्याचे ६,००० व वर्षाचे ७२,००० रुपये होतात. रक्कम फार मोठी नाही. पण ती येणार, हे आधीच ठाऊक असते. आणि म्हणूनच परिचारिका रोग्याला सांगू शकते की मी पुढच्या मंगळवारी येईन. एखाद्या वर्षी उत्साहाच्या भरात मिळालेल्या मोठ्या रकमेवर असा शब्द देता येत नाही. वेदना थांबल्यावर पुन्हा उसळू द्यायची नसेल, तर औषधाप्रमाणे पैसाही ठरलेल्या वेळी यावा लागतो.

एप्रिल २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेसंबंधी आपले धोरण जाहीर केले. पुढे ग्रामपंचायतींनीही घरभेटींसाठी परिचारिका नेमल्या. लोकांची मंडळे मात्र त्यामुळे बंद पडली नाहीत, आणि पेट्याही दुकानांतून उठल्या नाहीत.

सकाळी परिचारिका निघते. तिच्या पिशवीत कापूस, पट्ट्या, लघवीची नळी, हातमोजे, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि गोळ्यांच्या पाकिटांसह रोग्यांची वही असते. पक्क्या रस्त्यापाशी गाडी थांबते. पुढची पाऊलवाट तिला स्वयंसेवकाबरोबर पायी चालायची असते. घरात शिरल्यावर ती प्रथम रोग्यापाशी बसते आणि रात्र कशी गेली ते विचारते. मग जखम धुते, पट्टी बदलते, त्याला अलगद कुशीवर वळवते. आणि हे सारे करताना त्याच्या मुलीला जवळ बोलावून, हात कोठे धरावा, उशी कोठे द्यावी, ते दाखवते. पुढच्या वेळी मुलगी वळवते आणि परिचारिका पाहते. निघण्यापूर्वी ती वहीत पुढच्या भेटीची तारीख लिहिते. रोगी ती तारीख मोठ्याने वाचायला सांगतो.