अकरावीत बायोलॉजी सोडण्याआधी हे वाचा



दहावीचा निकाल लागला. गेले चार दिवस सोसायटीच्या ऑफिसात पेढे येताहेत आणि पेढ्याबरोबर प्रश्न पण येतोय: "सेक्रेटरी, आता पोराला कुठं घालायचं?" सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. पण एका कोर्सबद्दल आपल्याकडे खूप गैरसमज आहेत, म्हणून आज तेवढंच लिहितो. तो म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, बी.एफ.एस्सी. बारावीनंतर चार वर्षांचा कोर्स आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच एका सभासदाचा मुलगा बंदीच्या दिवसांत, जूनमध्ये, वडिलांबरोबर ऑफिसात आला. वडील ट्रॉलरवर तांडेल. मुलाला बारावी सायन्सला 71 टक्के. म्हणाला, फिशरीज कॉलेजला जायचंय. मार्कशीट बघितली तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्स. बायोलॉजी अकरावीतच सोडलेली. का सोडली? तर मित्राने सोडली म्हणून. वर प्रवेश परीक्षेचा फॉर्म मार्चमध्येच बंद झाला होता आणि परीक्षाही होऊन गेली होती. मुलगा हुशार, दर्यावरचं काम लहानपणापासून बघितलेला, पण दहा मिनिटांत दोन्ही दारं बंद झाली. वडील एवढंच म्हणाले, "आधी कोणी सांगितलं असतं तर." त्यांचं बरोबर होतं. आम्हीही सांगितलं नव्हतं.

तर पहिली अट विषयांची. बी.एफ.एस्सी.ला बारावी सायन्स लागते आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तीन विषय हवेत. मॅथ्स सोबत असेल तर चांगलंच, पण बायोलॉजीच्या जागी मॅथ्स चालत नाही. कारण कोर्स बघितला की कळतं. पहिल्या दोन वर्षांत माशांची शरीररचना, पाण्यातली सूक्ष्म जीवसृष्टी, जीवरसायन, मत्स्यपालन. पुढे मासळी प्रक्रिया, माशांचे रोग, जाळी आणि बोटींचं तंत्र, मासळीच्या साठ्याचा अंदाज, अर्थशास्त्र. शेवटच्या वर्षात मुलं मच्छीमार वस्तीत आणि कारखान्यात प्रत्यक्ष कामाला असतात. आमच्या पोरांना यातलं निम्मं हाताने येतं. तारलीचा थवा कुठं लागेल ते वडील पाण्याचा रंग बघून सांगतात. पण त्याचं कारण कागदावर लिहायचं तर बायोलॉजी लागतेच.

हा निर्णय बारावीनंतरचा नाही. तो आत्ताचा आहे, अकरावीच्या फॉर्मवर विषयांच्या खुणा करतानाचा. नंतर बायोलॉजी घेता येईल असं कोणी सांगितलं तरी त्यावर राहू नका. त्यात एक वर्ष जातं, कधी दोन जातात.

आता कॉलेजं कुठं? कोकण रेल्वेच्या एका अंगाला रत्नागिरी, दुसऱ्या अंगाला मंगळूर, मध्ये आम्ही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासून. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. मंगळूरचं कॉलेज 1969 चं, देशातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय तेच. दोन्हीकडच्या बहुतेक जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्रात राज्याच्या जागांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, त्यातला पीसीबी ग्रुप. ज्यांची मुलं मालवण-वेंगुर्ल्याला मामाकडे राहून शिकतात आणि ज्यांचा रहिवास महाराष्ट्राचा आहे, त्यांनी ती परीक्षा चुकवू नये. 200 मार्कांची असते, पैकी 100 मार्क एकट्या बायोलॉजीचे, आणि चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत. प्रश्न बहुतेक बारावीचे, पण साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा असतो. म्हणजे अकरावी झोपेत काढली तर तिथं अडकायला होतं.

गोव्याच्या मुलांसाठी दार वेगळं. भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजे आयसीएआर, कृषी विद्यापीठांतल्या पदवीच्या 20 टक्के जागा देशभरातल्या मुलांमधून भरते. 2023 पासून त्यासाठी सीयूईटी ही परीक्षा धरतात. ती घेते नॅशनल टेस्टिंग एजन्सी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापतात: बरोबरला 5, चुकल्यास 1 उणे. अंदाजाने खुणा करणाऱ्यांनी जपून. पेपर मराठीतूनही घेता येतो, पण कॉलेजात शिकवणं इंग्रजीत असतं हे लक्षात ठेवून तयारी करा.

इथं दोन घोळ हमखास होतात. एक, सीयूईटीच्या फॉर्ममध्ये विषय निवडावे लागतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तिन्ही तिथं निवडलेले पाहिजेत. सायबर कॅफेवाल्याला हे माहीत असेलच असं नाही. त्याच्या बाजूला बसून फॉर्म वाचा. दुसरा, परीक्षा दिली म्हणजे झालं असं धरून मुलं घरी बसतात. निकालानंतर आयसीएआरच्या समुपदेशनासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळी फी भरावी लागते आणि कॉलेजांची पसंती क्रमाने द्यावी लागते. ती केली नाही तर कितीही मार्क असोत, नाव यादीत येत नाही.

मार्कांचं: आयसीएआरच्या जागांसाठी बारावीला सर्वसाधारण गटाला किमान 50 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 40. आपल्या खारवी समाजातल्या पालकांनी हे नीट वाचावं: ओबीसीला आरक्षण आहे, पण या किमान टक्क्यांत सूट नाही. ओबीसीलाही 50 च लागतात. 47 टक्के आणि जातीचा दाखला घेऊन ऑफिसात येणाऱ्यांना मला हेच सांगावं लागतं आणि ते सांगताना बरं वाटत नाही. वयाची अट सोपी आहे, त्या वर्षीच्या 31 ऑगस्टला 16 पूर्ण हवेत.

दाखल्यांचं मात्र सोपं नाही. ओबीसीच्या जागेसाठी नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला घेऊन गेलात तर परत पाठवतात. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा, म्हणजे गेल्या वर्षी भावाच्या वेळी काढलेला उपयोगाचा नाही. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा त्रास नावांचा. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं, बोटीच्या कागदावर तिसरंच. आडनाव कुठं गावाचं, कुठं समाजाचं. हे दुरुस्त करायला मामलेदार कचेरीत किती फेऱ्या होतात ते तुम्हाला माहीत आहे. मुलगी अकरावीत असतानाच ही कामं काढा.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तेव्हा आम्ही घरी असतो. म्हणून वाटतं की मुलांच्या ॲडमिशनचं तेव्हा बघू. पण गेल्या काही वर्षांत सीयूईटीचे फॉर्म फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघाले आणि परीक्षा मेपासून झाल्या, म्हणजे मासळीचा हंगाम चालू असताना. समुपदेशन रेंगाळत ऑगस्टच्या पुढे जातं, तेव्हा बोटी परत दर्यात गेलेल्या असतात. तोवर मूल इथल्या कुठल्या तरी कॉलेजात बसलेलं असतं आणि मूळ कागद तिथं अडकलेले असतात. म्हणून इथं प्रवेश घेताना मूळ कागद परत कधी मिळतील आणि फी किती परत मिळेल हे आधी विचारून ठेवा. फोन मुलाच्या आईकडे असू द्या. बापाचा नंबर दिला की ओटीपी दर्यात जातो. हसू नका, हे झालेलं आहे.

काहीजण मुंबईच्या वर्सोव्याच्या संस्थेचं विचारतात. सीआयएफई मोठी संस्था आहे, पण तिथं पदवी नाही. पदव्युत्तर आणि पीएच.डी. आहे. तिथल्या बहुतेक शाखांना जायला आधी बी.एफ.एस्सी. लागते. बी.एस्सी. झूलॉजी करून तिकडे जाऊ म्हणणाऱ्या मुलींनी हे आताच ध्यानात घ्यावं.

आणि ज्याला चार वर्षं वर्गात बसायचंच नाही, बोटच चालवायची आहे, त्याला पण मार्ग आहे. कोचीची सीआयएफएनईटी ही केंद्र सरकारची संस्था दहावीनंतरचे दोन वर्षांचे कोर्स चालवते, एक बोट चालवण्याचा, एक इंजिनाचा. दहावीला गणित आणि विज्ञान दोन्हींत वेगवेगळे किमान 40 टक्के लागतात. त्याबद्दल पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.

वरची माहिती दरवर्षी थोडीफार बदलते, त्यामुळे फॉर्म भरताना त्याच वर्षाची माहितीपुस्तिका उघडा. इंग्रजीत असते, वाचायला जड जाते. सोसायटीच्या ऑफिसात आणली तर बसून वाचू. रविवारी सकाळी लिलाव आटोपल्यावर मी ऑफिसात असतो. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा, दहावीची मार्कशीट आणा आणि अकरावीचा फॉर्म अजून दिला नसेल तर तो कोराच आणा.

आपला,
सेक्रेटरी