सामाईक नळ

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण ‘प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग’ हा शब्द शेजारच्या दादाकडून ऐकला आणि कुतूहल वाढले. आम्हा घाटकोपरकरांना प्लॅटफॉर्म म्हणजे रेल्वेचा फलाट! दादा हसून म्हणाला, “अगं, आपल्या डोंगरावरचा नळ आठव.”

आई लग्न होऊन असल्फ्याच्या डोंगरावर आली, तेव्हा जो तो खालून हंडे वाहून आणी. संगणकाच्या जगातही पूर्वी प्रत्येक कंपनी आपापली यंत्रे घेऊन सांभाळत असे. २००६ मध्ये ॲमेझॉनने इंटरनेटवरून यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केला, हेच ‘क्लाउड’. २०१६ मध्ये त्यांचे मुंबई केंद्र सुरू झाले. २०१३ च्या ‘डॉकर’मुळे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान एकाच डब्यात भरता येऊ लागले. असे हजारो डबे चालते ठेवणारे ‘कुबरनेटीस’ गूगलने २०१४ मध्ये खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी सुमारे ५.९ कोटी लोकांनी पाहिला. एवढी गर्दी पेलायची, तर यंत्रबळ मागणीप्रमाणे वाढवता-घटवता आलेच पाहिजे.

परंतु सोयीबरोबर ओझेही वाढले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच डबे, सुरक्षा, देखरेख असे सारे शिकावे लागले. म्हणजे पुन्हा ज्याचा त्याचा हंडा! म्हणून कंपन्यांनी स्वतंत्र गट नेमले. ही सामाईक कामे ते एकदाच नीट बांधून सर्वांच्या हाती तयार देतात. हेच प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग. स्वीडनच्या स्पॉटिफायने आपले ‘बॅकस्टेज’ हे असे साधन २०२० मध्ये सर्वांना खुले केले.

मात्र नळ बसवला की काम संपत नाही. आमच्याकडे नळ आला, पण पाणी पहाटे साडेतीनला! वेळ ठरवताना बायकांना कोणी विचारलेच नाही. दहावीच्या वर्षी हंडे भरून मगच मी पुस्तक उघडत असे. दादाच्या कचेरीतही तसेच घडले. न विचारता बांधलेला प्लॅटफॉर्म सोडून लोक जुन्याच वाटेने गेले. मग गटातील माणसे एकेका सहकाऱ्याशेजारी जाऊन बसली, अडचणी लिहून घेतल्या, आणि हळूहळू वापर वाढला.

यंत्राच्या शास्त्रातही शेवटी माणसाला विचारावेच लागते. मग तेथे कलाशाखेचे काय काम, असे कोणी म्हणावे?