पापा से बात करवा दो

जयपूरजवळ बगरूत, देहमी कलांला, अजमेर रोडवर कुठेही खोली बघायला गेलेल्या पोरांना घरमालक आधी भाडं सांगत नाही. "कहाँ से हो?" हा पहिला प्रश्न. "क्या करते हो?" हा दुसरा. आणि समोर मुलगा-मुलगी दोघं उभी असतील तर तिसरा ठरलेलाच, "शादीशुदा हो?" उत्तर काहीही येवो, पुढचं वाक्य बदलत नाही. "पापा से बात करवा दो."

तो फोन तुम्हाला येणार आहे. तुम्ही सांगलीत ऑफिसात असाल, नागपुरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असाल. म्हणून आज तुमच्याशीच बोलायचंय. पोरांना सांगणारे पुष्कळ आहेत.

मी जयपुरात बरीच वर्षं आहे. ओळखीतल्या ओळखीने महाराष्ट्रातून फोन येतात, "ताई, तुम्ही तिथेच आहात, जरा खोली बघाल का?" एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी असेल तर काम आठवड्यात होतं. गाडं अडतं ते जोडप्यापाशी. आणि अशी जोडपी या पट्ट्यात आता नवलाईची राहिलेली नाहीत. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर बगरू, त्याच्या अलीकडे देहमी कलांला 2011 पासून मणिपालचं विद्यापीठ. कापड आणि हस्तकला शिकणारी पोरं दाबू छपाई बघायला बगरूच्या छिपा कारागिरांकडे येतात, महिनेच्या महिने राहतात. एकाचं कॉलेज इकडे, दुसरीचं काम तिकडे. वसतिगृहं मुलांची निराळी आणि मुलींची निराळी. काहींनी नोंदणी लग्न केलेलं असतं आणि ते दोन्ही घरांनी अजून पाहुण्यांना सांगितलेलं नसतं. काहींचं लग्न झालेलंच नसतं. काहींचं होऊच शकत नाही, कारण मुलगा वीस वर्षांचा आहे आणि कायद्याला एकवीस लागतात.

ज्यांची मुलं लंडनला शिकतात त्यांना 'गॅरेंटर' हा शब्द पाठ असतो. तो ब्रिटनमध्येच राहणारा हवा, असं तिथले बहुतेक घरमालक म्हणतात. पुण्याच्या बापाची पगाराची स्लिप तिथे चालत नाही. फ्रान्समध्ये तर विद्यार्थ्यांसाठी 'व्हिसाल' नावाची फुकट हमीच आहे, भाडं थकलं तर हमी देणारी संस्था भरते. आपल्याकडे भाड्याच्या करारात जामीनदाराचा रकाना सहसा नसतो. जामीनदार मात्र असतोच. तो फोनवरचा तुमचा आवाज.

घरमालकाला तुमच्या आवाजातून काय हवं असतं? भाड्याची चिंता त्याला असते, पण त्यासाठी तो डिपॉझिट घेतो. त्याची खरी धास्ती निराळी आहे. ही दोघं पळून आलेली असली, आणि एका रात्री मुलीचे भाऊ जीप घेऊन दारात उभे राहिले तर? मागोमाग पोलीस आले तर? खाली त्याची आई, सुना, नातवंडं राहतात. गल्लीत सगळे भाऊबंद. त्याला हमी हवी असते ती 'घरच्यांना माहीत आहे' याची. हे एकदा लक्षात आलं की फोनवर काय बोलायचं ते आपसूक कळतं.

पण होतं भलतंच. एकदा मी एका जोडप्याबरोबर बगरूत गेले होते. मालक तळमजल्यावर कामात होता. काळी माती, चुना, गोंद आणि किडक्या गव्हाचं पीठ एकत्र तुडवून दाबूचा लगदा करतात, त्यात त्याचे हात कोपरापर्यंत बुडालेले. फोन त्याच्या बायकोने कानाशी धरला. पलीकडून मुलाचे वडील म्हणाले, "हाँ हाँ, हमारी बहू है." मालक खूश झाला. "बहुत अच्छा साहब, तो ब्याह की एक फोटो भेज दो." पलीकडे सामसूम. मग म्हणे नेटवर्क गेलं. खोली अर्थातच मिळाली नाही. त्या गल्लीत दुसरीही कुणी दिली नाही, कारण छिपा मोहल्ल्यात बातमी कापड वाळायच्या आत फिरते.

आणि फोटो न मागता मालकाने विश्वास ठेवला असता, तर? तर ते जास्त वाईट झालं असतं. सून म्हणून सांगितलेल्या मुलीला रोज शेजारणीपुढे सून व्हावं लागतं. काहीजणी खोटं मंगळसूत्र घालतात. 'मावसभाऊ-मावसबहीण' हा दुसरा प्रकार तर मला ऐकवत नाही. पुढे दोघांत बिनसलं तर ही मुलगी कुणाला काय सांगणार? तिचं तिथलं सगळं राहणंच एका थापेवर उभं. मालकाला हवं तेव्हा तिला बाहेर काढायला त्या थापेइतकं सोयीचं कारण दुसरं नाही.

मग खरं सांगायचं, म्हणजे काय? एवढंच: "लग्न झालेलं नाही. आम्हाला माहीत आहे." दहातले कित्येक मालक 'नको' म्हणतील, म्हणू देत. जो 'हो' म्हणेल त्याच्या घरात पोरं ताठ मानेने राहतील. तुम्हाला ते नातं पसंत नसेल, तेही मला समजतं. मुलीचे आईवडील असाल तर जास्तच समजतं. पण 'माहीत आहे' म्हणणं आणि 'पसंत आहे' म्हणणं यात अंतर आहे, आणि घरमालकाला पहिलं पुरतं. दुसऱ्याचं भांडण तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत पोरांशी करा.

गुन्हा आहे का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्नावाचून एकत्र राहणं गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अभिनेत्री खुशबूच्या खटल्यात स्पष्ट केलं. जानेवारी 2025 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने अशा नात्यांच्या नोंदणीसाठी पोर्टल काढायला सरकारला सांगितलं. ही नोंद संरक्षण की पाळत, यावर माझं मन अजून ठरत नाही.

आता हमीचं. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या 126 व्या कलमात हमी लेखीच हवी असं म्हटलेलं नाही, तोंडी हमीही चालते. म्हणजे भावनेच्या भरात "भाडं थकलं तर मी बसलोय ना!" म्हणालात, तर ते नुसतं धीर देणं राहत नाही. जबाबदारी किती, कुठवर, हे ठरवून बोला. "माझ्या मुलाच्या वाट्याचं भाडं, अकरा महिने" असं म्हणता येतं. माझ्या मते त्याहून बरं म्हणजे दोन महिन्यांचं भाडं आगाऊ पोरांच्या खात्यात टाकून मोकळं व्हावं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांपर्यंतच धरलंय. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही, पण घासाघीस करताना आकडा हाताशी असलेला बरा.

करार मात्र करायला लावाच. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्यामुळे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, ती जबाबदारीही घरमालकाची. त्यामुळे आपण निर्धास्त असतो. राजस्थानचा भाडेनियंत्रण कायदा 2001 चा आहे, आणि तो मूळचा जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगरपालिका हद्दींसाठी. खेड्यातल्या खोलीला त्याचा आधार धरून बसू नका, स्टॅम्प पेपरवर लिहिलेलंच कामाला येईल. अकरा महिन्यांचा करार करतात, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीला नोंदणी लागते.

त्या कागदावर मुलीचं नाव हवं. हे मी मुलाच्या आईवडिलांनाही सांगते, नव्हे, त्यांनाच आधी. मालक म्हणतो, "एक का नाम काफी है," आणि तो एक नेहमी मुलगा असतो. मग ती स्वतःच्या पैशाने राहत असलेल्या घरात कागदोपत्री पाहुणी ठरते. उद्या मुलगा सामान उचलून गेला तर मालक तिला ओळखही दाखवायचा नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला राहत्या भाड्याच्या घरातही आसरा आहे, पण 'लग्नासारखं' ठरवताना न्यायालय बरंच काही तपासतं. कॉलेजातल्या पोरीला ते सिद्ध करत बसण्यापेक्षा करारावरची सही सोपी. पोलीस पडताळणीच्या फॉर्ममध्येही दोघांची नावं, दोघांचे आधार. भाडंही दोघांच्या खात्यांतून यूपीआयने जाऊ दे, म्हणजे नोंद राहते.

आणखी एक. फोनवर बोलणं 'पापा'शी होतं, पण खोली द्यायची की नाही ते ठरवते मालकीणबाई. तेव्हा मुलीच्या आईने तिच्याशी दोन मिनिटं बोलावं. हिंदी मोडकी असली तरी चालते. उगाच "बच्ची को अपनी बेटी समझिए" वगैरे नको, त्याने पहारा वाढतो. विजेचा सबमीटर आहे का, युनिटला किती घेता, मे महिन्यात पाणी रोज येतं का टँकर मागवता, गच्चीवर कपडे वाळत घालता येतात का, असं विचारा. पोरांना हे सुचत नाही, आणि असे प्रश्न विचारणारी आई पाठीशी आहे म्हटल्यावर मालकीणबाई निम्मी तयार झालेली असते.