नाण्यातील दोष : टांकसाळीचा की नंतरचा?

मुंबईच्या टांकसाळीत कोऱ्या चकतीवर ठशाचा दाब पडून नाणे घडते. चकती सरकल्यास नक्षी एका बाजूस जाते, दुसऱ्या बाजूस कोरी चंद्रकोर उरते. वजन मात्र पूर्ण भरते. चकतीच मुळात कडेला कापलेली असल्यास वजन घटते. परंतु समोरची कडही बहुधा अस्पष्ट उठते. नंतर कानशीने घासलेल्या नाण्यात ही खूण नसते. ओरखडे नक्षीवरून जातात.

दहा रुपयांच्या नाण्याचे प्रमाणित वजन २०११ च्या मालिकेत ७.७१ ग्रॅम होते. त्याचे १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून नमुन्यातील फरक हा दोष नव्हे. बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशाराही २०२१ मध्ये देण्यात आला. खरेदीपूर्वी तराजू व भिंग वापरावे.