मूत्रांतील युरिया आणि पोत्यांतील युरिया

गोठ्यांत मुरणाऱ्या मूत्रांतला युरिया ‘जिवंत’ व कारखान्याच्या पोत्यांतला ‘मेलेला’, असा समज पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत असतो. त्याचा निवाडा करावयाचा तर सुमारें दोनशें वर्षांपूर्वींचा एक प्रयोग समजून घेतला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

फ्रेंच रसायनज्ञ रुएल यानें १७७३ सालीं मूत्रांतून युरिया वेगळा काढिला. पुढें कित्येक वर्षें विद्वानांचें मत असें होतें कीं, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या शरीरांतील पदार्थ केवळ जीवनशक्तीच्या बळावर शरीरांतच होतात. मनुष्याच्या हातून ते होणें नाहीं. स्वीडनमधील थोर रसायनज्ञ बर्झीलियस याचाही कल तिकडेच होता. त्याच्याच हाताखालीं शिकलेला फ्रीड्रिख व्होलर हा बर्लिन येथें धंदेशिक्षणाच्या शाळेंत शिक्षक होता. १८२८ सालीं त्यानें सिल्व्हर सायनेट नामक क्षारावर नवसागराचें पाणी घातलें. अमोनियम सायनेट मिळावें, ही अपेक्षा. परंतु पाणी आटवितां जे पांढरे स्फटिक उरले, ते त्या क्षाराची एकही खूण दाखवीनात. मूत्रांतून काढिलेल्या युरियाशीं ताडून पाहतां दोहोंत कांहींच भेद आढळला नाहीं. मूत्रपिंडावांचून आपण युरिया करूं शकतों, असें त्यानें आपल्या गुरूस कळविलें.

जुनें मत एका दिवसांत पडलें असें मात्र नव्हे. व्होलरचें सायनेट मुळांत प्राणिज वस्तूंपासून आलेलें, अशी शंका घेण्यास जागा होती. १८४५ सालीं कोल्बे यानें शिरक्यांतील अम्ल निर्जीव द्रव्यांपासून तयार केलें, तेव्हां ती शंकाही दुर्बळ झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. अमोनियम सायनेट व युरिया ह्या दोहोंत कर्बाचा एक, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन व हायड्रोजनचे चार असेच अणु असतात. माप एक, पदार्थ दोन! तेवढ्याच लाकडांतून सुतार कुळव करितो किंवा तिफण करितो. भेद लाकडांत नसून जोडणींत असतो, तसेंच हें. या प्रकारास आपण समघटकता म्हणतों. पुढें १८५८ सालीं केकुले व कूपर यांनीं स्वतंत्रपणें प्रतिपादिलें कीं, कर्बाच्या अणूस जणूं चार हात असतात आणि कर्बाचे अणु एकमेकांसही धरितात. तेव्हांपासून पदार्थांची जोडणी कागदावर मांडतां येऊं लागली.

आतां निवाडा. जोडणी एक म्हणजे पदार्थ एक. कारखान्यांत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून मोठ्या दाबाखालीं केलेल्या युरियावर आणि मूत्रांतील युरियावर जमिनींतील युरिएज नांवाचें एकच विकर काम करितें. दोहोंपासून अमोनिया होतो, व उघड्यावर तो हवेंत उडून जातो. म्हणून मूत्र काडीकचऱ्यांत मुरवावें आणि पोत्यांतला युरिया मातीआड करावा.

परंतु युरिया एक असला तरी खत एक नव्हे. १०० किलो युरियांत ४६ किलो नत्र असतें. स्फुरद नाहीं, पालाश नाहीं, जमीन भुसभुशीत राखणारा कुजलेला अंश नाहीं. शेणखतांत नत्र थोडें, पण हें सारें असतें. यास्तव युरियास विष मानून टाकणें जितकें चुकीचें, तितकेंच त्याच्या भरंवशावर उकिरडा मोडणें चुकीचें होय.