खारवलेल्या माशाची शिकवणी

ताकाहाशी युइची (१८२८–१८९४) म्हणजे जपानमधल्या तैलचित्रकारांच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव. त्यांचा ‘सॅमन’ मी छापील प्रतीवरून मूळ मापात उतरवला. त्या तीन महिन्यांत जे पदरात पडलं, ते असं.

१. वय मोजत बसू नये. मी तैलरंग हातात घेतले तेव्हा चाळिशी उलटली होती. वर्गातल्या पोरांशेजारी बसायला संकोच वाटायचा. ताकाहाशी सामुराई घराण्यातले. शोगुनच्या पाश्चात्त्य विद्येच्या संस्थेत ते १८६२ पासून होते. पण तैलरंग लावतात कसे, हे शिकायला १८६६ साली योकोहामाला चार्ल्स विर्गमन या इंग्रज चित्रकाराकडे गेले. तेव्हा तेही अडतिशीचे होते.

२. विषय घरातच असतो. १८७७च्या सुमाराचं ‘सॅमन’ हे चित्र कागदावर आहे, १४० सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४६.५ सेंटिमीटर रुंद. दोरीला टांगलेला खारवलेला मासा, जपानी घरांत वर्षअखेरीला भेट म्हणून येतो तसा. थोडा भाग कुणीतरी खायला कापून नेलाय. त्या कापाचा लाल मी आधी भडक लावला आणि मासा आत्ताच बाजारातून आणल्यासारखा दिसायला लागला. सगळं खरवडलं. मीठ मुरलेल्या मांसाचा लाल निराळा. तपकिरी मिसळून, पातळ थर वाळू देत देत तिसऱ्या खेपेला तो जमला. कातडीच्या राखाडीत तर अख्खा महिना गेला.

३. पांढरा एकच नसतो. त्यांनी लाकडी पाटावर साधा, भाजलेला आणि तळलेला टोफू मांडून रंगवला. तिन्हींचा पोत डोळ्यांनीच चाचपता येतो. ते चित्र शिकोकू बेटावरच्या कोतोहिरा देवस्थानात आहे.

४. खरं काढलं की समोरचं माणूस दुखावतं. १८७२ साली त्यांनी कोइना या गणिकेला रंगवलं. हा चेहरा माझा नाही, म्हणून ती चिडली, असं सांगतात. माझ्या मावशीनंही मी काढलेलं स्वतःचं चित्र बघून तोंड फिरवलं होतं. मी सुरकुत्या पुसल्या आणि चित्रातून मावशीच गेली. तो ब्रश तेव्हा उचलायला नको होता.

‘सॅमन’ आणि कोइनाचं चित्र, दोन्ही तोक्यो कला विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिकडे जाणं झालं आणि मासा मांडलेला असला, तर त्याच्या तोंडातून ओवलेल्या दोरीपाशी जरा थांबा.