सांजवेळेचा सभामंडप

मंदिर म्हटले की आपल्या दृष्टीपुढे प्रथम गाभारा येतो. तथापि आपल्या पूर्वजांनी गाभाऱ्यापुढे त्याहून मोठा सभामंडप बांधिला. गाभारा देवासाठी, सभामंडप माणसांसाठी. त्या सभामंडपावर आपल्या मुलांचाही हक्क आहे काय, हा आजच्या पाठाचा विषय होय.

शाळा सुटल्यापासून आईवडील घरी परतेपर्यंतचा काळ हा मुलांच्या दिवसातील सर्वांत पोरका काळ असतो. घर कुलूपबंद, रस्ता वाहनांचा, आणि हाती मोबाइल. मुले बिघडली असे आपण सहज म्हणतो. परंतु त्यांनी या वेळी जावे कोठे, हे आपण त्यांना सांगितले आहे काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हा प्रश्न स्वतःस विचारिला. करोनाच्या साथीत मुलांचे शिक्षण मोबाइलवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाइल हातून सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या देवळावरील भोंगा वाजे, आणि घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद होत. दीड तासाने, ८.३० वाजता, दुसरा भोंगा होई. मधल्या वेळात अभ्यास, वाचन आणि घरातल्या माणसांशी बोलणे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांस हे समजावीत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियम केवळ मुलांना नव्हता. तो वडीलधाऱ्यांनाही होता. म्हणूनच त्यास वजन आले.

परंतु ज्यांच्या घरी अभ्यासास कोपराच नाही, त्यांचे काय? याचे उत्तर गुजरातच्या सीमेजवळील कोसबाड येथे सापडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे; मुलगे येत नसत, कारण त्यांना गुरे राखावयाची असत. यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणिली, म्हणजे भावंडासह ताईलाही येता यावे. आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा नेली. जागा मुलाच्या सोयीने असावी, हा या कार्याचा धडा होय.

आता आपल्या बारडोलीकडे वळू. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून व डांगातून कुटुंबे या भागात येतात, शेताकडेला कोप्या घालून राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात. मागे थोरली मुलगी धाकट्यांस सांभाळीत बसते. कोसबाडची तीच ताई आज आपल्या वेशीवर आहे. तिची भाषा आपल्या कानास परकी नाही.

माझे वडील मंदिरात पूजा करतात, म्हणून मी नित्य पाहतो : सायंकाळी ५ पासून आरतीपर्यंत सभामंडप रिकामा असतो. दिवा आहे, पाणी आहे, फरशी स्वच्छ आहे. उणीव आहे ती माणसांची. केवळ दार उघडल्याने जागा सुरक्षित होत नाही. दररोज ठरलेली वेळ हवी. दोन प्रौढ माणसे, त्यांपैकी एक स्त्री, सदैव उपस्थित हवीत. कोणतेही मूल एका प्रौढाबरोबर बंद खोलीत नसावे. कोण आले, कोणासमवेत घरी गेले, याची वही हवी. आणि जात, भाषा वा कपडे पाहून कोणास दारातून परत पाठविता कामा नये. आठवड्यातून एक सायंकाळ प्रत्येक कुटुंबाने दिली, तरी हे सहज साधेल.

देवापुढील समई आपण वारा लागू नये म्हणून आडोशाला ठेवितो. मुलांसाठी आपण तेवढेही करू नये काय?

घरी एकत्र बसून विचार करावा :
१. आपले मूल शाळा सुटल्यावर कोठे व कोणासमवेत असते?
२. मोबाइल बंद ठेवण्याचा नियम घरातील मोठी माणसे पाळतील काय?
३. आपल्या घरातून कोण, कोणत्या वारी सभामंडपात बसू शकेल?